झाडांवरचे सरकारी पट्टे

आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. त्यांना येऊन सहा आठवडे झाले असतील, तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला परत जायचंय म्हणून जाहीर केलं. तिकीट मार्चचं होतं आणि ऑक्टोबर चालू होता. तुझी आई राहू दे, मी एकटा जातो, सोमवारी एजंटला फोन करून तारीख अलीकडे घे, असं त्यांनी सांगितलं. भांडून बोलले असते तर मीही भांडले असते, भांडणात मी कोणाला ऐकत नाही. पण ते रजेचा अर्ज दिल्यासारखं बोलले आणि परत खिडकीपाशी जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्या आजूबाजूला ज्यांचे ज्यांचे आईवडील यायचे, त्यांचं एक ठरलेलं असायचं. आईला किचन मिळायचं आणि बाबांना खिडकी. माझ्या आईने आठ दिवसांत अख्खं कॉम्प्लेक्स ताब्यात घेतलं. पाटवडीचा रस्सा फुटला की तिला फोन, विरजण लागलं नाही की तिला फोन. मावशी, मावशी करत बायका दार वाजवायच्या. बाबांसाठी सहा आठवड्यांत एकच फोन आला, तोही काहीतरी विकणाऱ्या माणसाचा. बाबांनी त्याला वीस मिनिटं धरून ठेवलं. शेवटी त्यानेच सुटका करून घेतली.

हा माणूस नागपूरकडे रस्त्यांच्या खात्यात पस्तीस वर्षं होता, उपअभियंता म्हणून रिटायर झाला. सकाळी दात घासायच्या आधी घरासमोर चार माणसं उभी असायची, साहेब हे कसं करायचं, साहेब ते कुठे टाकायचं. आमच्याकडे आल्यावर त्यांना सगळं सांगितलं जायचं. बाबा, नळ असा नाही, तसा. बाबा, थर्मोस्टॅटला हात लावू नका. बाबा, ते भांडं डिशवॉशरमध्ये नाही घालायचं. एकदा त्यांनी पार्किंग लॉटमधल्या स्पीडब्रेकरची उंची पट्टीने मोजली आणि ती चुकलीय हे मॅनेजरला जाऊन सांगितलं. मॅनेजरचा मला ऑफिसात फोन आला. घरी येऊन मी बाबांना जे काही बोलले ते इथे लिहीत नाही, कारण आता लाज वाटते. त्यानंतर ते खाली गेलेच नाहीत, खिडकीतून बघत बसायचे. कोणाची गाडी किती वाजता निघते हे त्यांना पाठ झालं होतं.

तर त्या शनिवारी आमचा हाइक ठरला होता. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात एक पुणेकर होता. ते दोघेही, दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर शंभर वर्षं मागे जातील, या भीतीवर पगार घेत होते. सह्याद्रीतले किती गड केले हे पुणेकर न विचारता सांगायचा. न्यू जर्सीच्या वायव्येला डोंगराची एक लांबच लांब धार आहे, एका बाजूला खाली डेलावेअर नदी. त्या धारेवरून दिवसभर चालायचं, असा त्याचा बेत. मी म्हटलं बाबांना घेऊन जाऊ, डोंगर बघून माणूस जरा खुलेल, सोमवारपर्यंत तिकिटाचं विसरेल. बाबा रक्ततपासणीला निघाल्यासारखे तयार झाले.

आम्ही आठ जण होतो, दोन गाड्या. आम्ही दोघं, आईबाबा, पुणेकर आणि त्याची बायको, आणि पिस्कॅटवेहून आलेली युनिव्हर्सिटीतली दोन पोरं. ही पोरं निसर्गासाठी आलेली नव्हती, आईच्या डब्यासाठी आली होती, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही. त्यातला एक नागपूरचा, सिव्हिलचा. पार्किंगमध्ये त्याने बाबांना जय भीम काका म्हटलं, बाबांनी जय भीम केला आणि कुठले म्हणून विचारलं. तो नागपूर म्हणाला तर बाबा म्हणाले, ते कळलं, नागपुरात कुठले. मग वस्ती, गल्ली, कोणाच्या घरामागे हे सगळं निघालं. तो विकणाऱ्याचा फोन सोडला तर सहा आठवड्यांत बाबांचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आईने साडी खोचली होती आणि पायात माझ्या नवऱ्याचे स्नीकर्स, आत मोज्यांचे दोन जोड. आठ माणसांसाठी तिने अठरा माणसांचं जेवण घेतलं होतं. भाकरी, झुणका, ठेचा, सांबारवड्या म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वड्या, आणि दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये पाणी. पुणेकराने ही पिशव्यांची रांग बघितली आणि गडावर फक्त गूळ-शेंगदाणे नेतात असं म्हणाला. आई त्याला म्हणाली, म्हणून तू असा दिसतोस.

पुणेकराकडे एक नकाशा होता, पार्किंगच्या बोर्डाखालच्या पेटीतून घेतलेला. पहिल्याच विसाव्याला तो त्याने दगडावर ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. आईला सांबारवड्या निथळायला कागद हवाच होता. नाडी बांधून होईस्तोवर नकाशावर सोळा वड्या बसल्या होत्या. त्याने वड्या उचलून कागद उन्हात धरला, तर मागची अक्षरं पुढे आली होती आणि न्यू जर्सीतून पेनसिल्वेनिया दिसत होतं. आई म्हणाली, कागद चांगला आहे, तेल छान पितो. पुणेकराची बायको हसून हसून खाली बसली. तो बिचारा म्हणाला, काही हरकत नाही, सह्याद्रीत आम्ही नकाशा वापरतच नाही.

धारेवर पोचलो तेव्हा खरंच डोळे निवले. दोन्ही बाजूंना जंगल लाल-पिवळं झालेलं, वारा गार, खाली नदी. पायवाट अरुंद, खडकाळ. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने झाडांच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाचा एकेक पट्टा होता, वीतभर उंच, दोन बोटं रुंद. पुणेकर सहज म्हणाला, हे पट्टे कसले असतील हो काका?

बाबा थांबले. हात मागे बांधले. झाडाजवळ गेले, नखाने रंग खरवडून बघितला, आणि मी लहानपणी साइटवर ऐकलेल्या आवाजात बोलायला लागले. हे खात्याचं काम आहे, म्हणाले. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना वर-खाली गेरू आणि मधे चुना मारतो, वाळवी लागू नये, रात्री गाडीवाल्याला झाड दिसावं आणि झाड सरकारी आहे हे तोडणाऱ्याला कळावं म्हणून. इथे गेरू मारलेला नाही, चुनाही वीतभरच, म्हणजे पैसा कमी पडलाय. नंबर टाकायचेही राहिलेत. एवढ्या आडरानात येऊन मारलाय म्हणजे मार्च एंडचं काम, बजेट संपवायला कुठेतरी दाखवायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. हसू नका. आमच्यातल्या प्रत्येकाने जन्मापासून गेरू-चुना लावलेली झाडंच बघितली होती, एसटीच्या खिडकीतून मोजली होती. झाडावरचा पट्टा सरकारी असतो, यात शंका घेण्यासारखं काय होतं? नागपूरच्या पोराने तर वाळवीसाठी चुन्यात आणखी काय मिसळतात म्हणून विचारलं. बाबांनी मोरचुदाचं प्रमाण सांगितलं. मग पुणेकराच्या बायकोने विचारलं, काका, हे धारेवरचं पाणी कुठे जातं. मग दुसऱ्या पोराने विचारलं, हा खडक कोणता. बघता बघता बाबा सगळ्यांत पुढे चालायला लागले आणि गडवाला पुणेकर त्यांच्या मागे, शाळेतल्या मॉनिटरसारखा. माझा ऊर भरून आला. मी नवऱ्याला कोपर मारलं. तो म्हणाला, दिसतंय मला.

तासाभराने एक झाड आलं, त्याच्यावर एकाखाली एक असे दोन पट्टे होते. वरचा जरासा उजवीकडे सरकलेला. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी झाडाभोवती एक फेरी मारली.

"हे झाड दोनदा मोजलंय," ते म्हणाले. "म्हणजे कंत्राटदाराने बिल दोनदा काढलं असणार."

आम्ही पोट धरून हसलो. अमेरिकेतही असंच चालतं हे ऐकून आम्हाला जो आनंद झाला तो सांगता येत नाही, एकदम घरच्यासारखं वाटलं. हसत हसतच आम्ही सरळ पुढे गेलो, कारण सरळ वाट चांगली रुंद होती आणि उताराची होती. उजवीकडे खडकांतून वर जाणारी एक बारकी फट होती, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यानंतर पट्टे दिसले नाहीत. दुसऱ्या पोराने ते बोलूनही दाखवलं, तर बाबा म्हणाले, पुढचं टेंडर निघालं नसेल. आम्ही एका ओढ्याकाठी जेवलो, चांगलं दीड तास. जेवून चालायला लागलो तर झाडी दाट झाली आणि वाटेचा धागा तुटायला लागला. नवरा माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, अगं, धार आपल्या डोक्यावर आहे, आपण धारेवर नाही. मलाही ते दिसत होतं, मी काही आंधळी नव्हते. एरवी मी तिथल्या तिथे सगळ्यांना फैलावर घेतलं असतं, बाबांसकट. पण पुढे बाबा हात मागे बांधून चालले होते आणि दर दहा पावलांनी कोणीतरी त्यांना काका, आता कुठे म्हणून विचारत होतं. मी नवऱ्याला सांगितलं, तू तोंड उघडून तर बघ.

आईचे गुडघे बोलायला लागले होते. ती स्नीकर्सना शिव्या देत होती, मग अमेरिकेला, मग ज्याने हे सुचवलं त्याला, म्हणजे पुणेकराला. दोन वाटा फुटल्या तिथे सगळे थांबले. बाबांनी थोडा वेळ जमिनीकडे पाहिलं आणि सांगितलं, ओढ्याच्या बाजूने चला, पाणी उतरतं तिकडे पूल असतो आणि पूल असतो तिथे रस्ता असतो. आम्ही चाललो. काट्यांतून, चिखलातून, पुणेकर दोनदा घसरला. पण तासाभरात पूल आला आणि पुलावर डांबरी रस्ता होता. फक्त तो डोंगराच्या भलत्याच बाजूला होता आणि आमच्या गाड्या डोंगराच्या पलीकडे.

रस्त्याकडेला एक म्हातारा भोपळे विकत बसला होता. नारिंगी भोपळ्यांचा ढीग, मधे तो, डोक्यावर टोपी. चिखलाने माखलेले आठ जण, त्यात साडीतली एक बाई, हे जंगलातून निघालेलं बघून तो उठून उभा राहिला. नवऱ्याने त्याला सगळं सांगितलं. पट्ट्यांचं आलं तसा तो म्हातारा गुडघ्यावर थापा मारून हसायला लागला. मग त्याने नीट समजावून सांगितलं. ते पट्टे म्हणजेच वाट. जॉर्जियापासून मेनपर्यंत दोन हजार मैलांची एक पायवाट जाते, ती चुकू नये म्हणून झाडांवर पांढऱ्या खुणा करतात. आणि दोन खुणा एकावर एक दिसल्या तर इथे वळा, वरची ज्या बाजूला सरकलीय त्या बाजूला.

आईला इंग्रजी येत नव्हतं, ती आमच्या तोंडांकडे बघत होती. बाबांना इंग्रजी येत होतं, पस्तीस वर्षं त्यांनी इंग्रजीतच सरकारी टिपण्या लिहिल्या होत्या. पण इथलं बोलणं त्यांना समजायचं नाही, टीव्ही लावला की पाच मिनिटांत बंद करायचे, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी नागपूरच्या पोराकडे वळून विचारलं, काय म्हणतो तो?

आता हे कळलं की संपलं, सोमवारची वाटही न बघता हा माणूस बॅग भरणार, असं मला वाटलं. पोराने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, पण पोरगं शहाणं निघालं. म्हणालं, "काका, ते म्हणतात, पट्टे सरकारीच आहेत."

पुणेकराने तोंड उघडलं. खोटं त्याला सहन होत नाही, दुसऱ्याचं तर मुळीच नाही. त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, हो, खात्याचंच काम आहे.

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, तो जॉर्जिया आणि मेन काय म्हणत होता? पोरगं म्हणालं, जॉर्जियापासून मेनपर्यंतच्या झाडांना पट्टे मारलेत. बाबा म्हणाले, दोन हजार मैल? एकाच कंत्राटदाराने? पोराला घाम फुटला. नाही काका, म्हणालं, वेगवेगळे, प्रत्येक राज्याचा वेगळा. बाबा म्हणाले, मग रंग सगळीकडे सारखा कसा? माझा नवरा मधे पडला, रंग केंद्र सरकार पुरवतं म्हणाला. आई म्हणाली, पण मग हा डोंगराकडे बोट का दाखवून राहिला? पुणेकराची बायको म्हणाली, मावशी, तो म्हणतो तिकडचीही झाडं मोजून झालीत.

"आणि दोन पट्ट्यांचं काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

सगळे पोराकडे बघायला लागले.

"तेच, काका. बिल दोनदा निघालं. चौकशी चालू आहे."

म्हातारा आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला वाटलं असेल, एवढ्या सोप्या गोष्टीवर या लोकांची केवढी चर्चा. मग त्यानेच आम्हाला पिकअपमध्ये घालून गाड्यांपाशी सोडलं. सात जण मागे भोपळ्यांमध्ये आणि आई पुढे त्याच्याशेजारी. पाऊण तास ती त्याच्याशी मराठीत बोलत होती आणि तो तिच्याशी इंग्रजीत, दोघंही खूष. उतरताना तिने त्याला उरलेल्या सांबारवड्या दिल्या आणि हौसेने ठेचाही चाखवला. माणूस चांगला होता. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्याने अंगठा वर केला.

घरी येताना नवरा गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी आणि आई मागे. आई बसल्या बसल्या घोरायला लागली. दिवे लागायची वेळ होती. मग बाबा मागे न वळता म्हणाले, "खडकाला वाळवी लागत नाही."

मला काही कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. दोन पट्ट्यांच्या झाडावरून पुढे गेल्यावर अर्ध्या तासाने त्यांना आठवलं, त्या झाडाच्या जरा अलीकडे पायाखालच्या खडकावरही तसाच पट्टा होता. झाडाला चुना मारतात, खडकाला कोण मारेल? खात्यात एवढी वर्षं काढून त्यांनी कधी खडक मोजलेला पाहिला नव्हता. म्हणजे तो पट्टा झाडाचा नव्हताच, वाटेचा होता. भोपळेवाल्याने नवीन काहीच सांगितलं नव्हतं, आणि तो काय म्हणाला हे त्यांना बरंचसं समजलंही होतं. गावाकडचा म्हातारा होता, सावकाश बोलत होता, टीव्हीवाल्यांसारखा नाही. पोरगं मात्र हुशार आहे, म्हणाले, टिपणी छान लिहील.

माझा पारा चढला. मी म्हटलं, बाबा, अर्ध्या तासात कळलं होतं तर तेव्हाच का नाही बोललात? आठ माणसं रानात, आईचे गुडघे, त्या बिचाऱ्या पोराला किती खोटं बोलायला लावलंत तुम्ही. आवाज माझा वाढतच गेला असता. पण बाबांनी मान खाली घातली, आणि ते मला मागून दिसलं.

"बोलणार होतो," ते म्हणाले. "पण मागून सगळे विचारून राहिले होते ना. काका, आता कुठे. काका, इकडे का तिकडे. दीड महिन्यात मला कोणी काही विचारलं नव्हतं. तोंडातून निघालंच नाही."

मी त्या दीड महिन्याचा एकेक दिवस आठवून पाहिला. सांगितलेलं सगळं आठवलं, नळ, थर्मोस्टॅट, डिशवॉशर, मॅनेजर. विचारलेलं एकही वाक्य सापडेना. ते नागपूरला होते तेव्हा दर रविवारी फोनवर मी निदान कसे आहात एवढं तरी विचारायचे. माझ्याच घरात आल्यावर तेही बंद केलं होतं मी. मला रडू आलं आणि नवऱ्याला आरशात दिसू नये म्हणून मी आईची शाल तोंडावर घेतली.

पार्सिपनीचा एक्झिट आला तेव्हा आवाज ताळ्यावर आला. मी म्हटलं, "बाबा, सोमवारी एजंटला काय सांगू?"

"विचारतेस का सांगतेस?"

"विचारते."

नवऱ्याने सिग्नलला गाडी थांबवली. बाबांनी सिग्नल हिरवा होऊ दिला.

"मग राहू दे मार्चचंच," ते म्हणाले.